राशीच्या पैशातून लेकराला ई-रीडर घ्यावा का?

पत्र थोडक्यात असं आहे. लातूर जिल्ह्यातल्या एका गावातल्या ताई, अंगणवाडीत काम करतात, घरी चार एकर रान. मुलगा दहावीपर्यंत गावातच मराठी मीडियमला शिकला, मार्क चांगले पडले, म्हणून यंदा लातूरला अकरावी सायन्सला टाकलाय. नीटची तयारी चालू आहे, ट्यूशन एरियाच्या जवळ खोली करून राहतो. तो म्हणतो पुस्तकं जड होतात, मोबाईलवर पीडीएफ वाचून डोकं दुखतं, मित्राकडं किंडल (अ‍ॅमेझॉनचा ई-रीडर, म्हणजे पुस्तकं वाचायचं मशीन) आहे, मला पण घ्या, सगळी पुस्तकं त्यातच मावतात. वडील म्हणतात पुस्तक हातात असलं तरच अभ्यास होतो. ताईंना वाटतं निदान मोबाईल तरी सुटेल. सोयाबीनची रास झालीय, हातात थोडे पैसे आहेत, पण खताची उधारीही डोक्यावर आहे. काय करावं? पत्राच्या अगदी शेवटी त्यांनी लिहिलंय, "मला पण वाचायची लई आवड होती, आता चष्मा लावूनही बारीक अक्षर लागत नाही, वाचनालयातून आणलेलं पुस्तक दोन महिने झाले अर्धंच पडलंय."

ताई, नमस्कार.

आधी पैशाचंच बोलू, कारण तुमच्या घरात निर्णय तिथंच अडलाय. 2025 मध्ये आपल्याकडं जो सात इंची किंडल पेपरव्हाइट आला त्याची किंमत 16,999 रुपये होती. सोयाबीनचा 2025-26 चा हमीभाव 5328 रुपये. म्हणजे तेवढा भाव मिळाला असं धरलं तरी तीन क्विंटल विकून वर हजार रुपये घालायचे, आणि मोंढ्यात तेवढा भाव बऱ्याचदा हातात पडत नाही हे तुम्ही दरवर्षी बघताच. म्हणून 'घेतलं तर वाया थोडंच जाणार आहे' असं मी तुम्हाला म्हणणार नाही. तीन क्विंटल मालाच्या बदल्यात लेकराला नेमकं काय मिळणार ते नीट बघू.

मी स्वतः ई-रीडर बरीच वर्षं वापरतेय, रोज रात्री वापरते, मला तो मनापासून आवडतो. तरी तुमच्या मुलाच्या अभ्यासासाठी मी घ्या म्हणणार नाही, आणि त्याचं कारण त्या मशीनच्या पडद्यातच आहे. मोबाईलच्या स्क्रीनमधूनच लाईट येतो, ई-रीडरच्या पडद्यातून येत नाही. त्याच्या पडद्यात अगदी बारीक कुप्या असतात, त्यांच्यात काळे-पांढरे कण, करंट दिला की हवे ते कण वर येतात आणि मग तिथंच बसून राहतात. करंट लागतो तो फक्त पान बदलताना (वाचायला जो लाईट असतो तो पुढच्या बाजूने पडद्यावर पडतो, डोळ्यात नाही). त्यामुळं एकदा चार्ज केलं की आठवडेच्या आठवडे चालतं, आणि भर उन्हात ओट्यावर बसून वाचलं तरी छापल्यासारखं दिसतं. पण ते कण हलायला वेळ घेतात. प्रत्येक पानाला पडदा क्षणभर थबकतो. सरळ वाचत गेलात तर हे जाणवतही नाही, मात्र चाळायला गेलात, मागं-पुढं उड्या मारायला गेलात, की त्रास सुरू.

आणि अकरावीचं पुस्तक कुणी सरळ वाचत नाही ना! तुमचं पत्र आल्यावर मी मुद्दाम एनसीईआरटीच्या बायोलॉजीचा पेशीवरचा धडा माझ्या ई-रीडरवर टाकला आणि तासभर घेऊन बसले. पूर्ण पान बसवलं तर अक्षर मुंगीएवढं. मोठं केलं तर ओळ पडद्याच्या बाहेर जाते, मग बोटानं डावीकडं ओढा, उजवीकडं ओढा, दर वेळी पडदा थबकतो. पेशीच्या आकृतीत नावांच्या रेघा असतात, झूम केलं की रेघेचं एक टोक दिसतं आणि नाव पडद्याबाहेर. मजकूर एका पानावर, त्याची आकृती मागच्या पानावर, छापील पुस्तकात आपण मधे बोट घालून ठेवतो आणि पान उलटं-पालटं करतो, एका सेकंदाचं काम, इथं प्रत्येक वेळी तीन-चार टॅप. रंगानं वेगळे दाखवलेले भाग तर साध्या ई-रीडरवर सगळे राखाडीच. रंगीत ई-रीडर आलेत, पण त्यातले रंग फिके आणि किंमत अजून जास्त, मोठ्या पडद्याचे तर दुप्पट-तिप्पट. नीटमध्ये 720 पैकी 360 मार्क एकट्या बायोलॉजीचे असतात ताई, आणि बायोलॉजी म्हणजे आकृत्या, तक्ते आणि परत परत मागं जाणं.

हा नुसता माझा अनुभव नाही. अमेरिकेत वॉशिंग्टन विद्यापीठात कॉम्प्युटर सायन्सच्या पदव्युत्तर पहिल्या वर्षाच्या 39 विद्यार्थ्यांना मोठ्या पडद्याचं किंडल अभ्यासाला देऊन बघितलं होतं, 2011 मध्ये त्याचं लिखाण छापून आलं. सात महिन्यांत साठ टक्क्यांपेक्षा जास्त जणांनी अभ्यासासाठी ते नियमित वापरणं सोडून दिलं होतं. कॉम्प्युटर शिकणारी पोरं, मशीनला बुजणारी नव्हेत, आणि पडदा तुमचा मुलगा मागतोय त्यापेक्षा मोठा, जवळजवळ पावणेदहा इंची. अडचण काय आली, तर समासात लिहिता येत नाही, चाळता येत नाही, आणि 'ते डाव्या पानावर खाली होतं' अशी जी आपली आठवण असते ती तयारच होत नाही. तुमच्या मालकांना जे वाटतं, पुस्तक हातात पाहिजे, ते जुन्या माणसाचं बोलणं म्हणून सोडून देऊ नका, अभ्यासाच्या पुस्तकापुरतं त्यांचं बरोबर आहे.

आता मोबाईल सुटेल या आशेबद्दल. हे वाचताना मला तुमच्याबद्दल फार वाटलं, कारण लांब खोली करून राहणाऱ्या लेकराच्या प्रत्येक आईच्या मनात हेच असतं. पण जरा विचार करा, त्याच्या मोबाईलवर काय काय आहे? क्लासचा ग्रुप तिथं, टेस्टचं टाइमटेबल तिथं, रेकॉर्ड केलेली लेक्चर्स तिथं, तुमचा रोजचा रात्रीचा फोन तिथं. ई-रीडरवर व्हिडिओ चालत नाही, ग्रुप चालत नाही. म्हणजे मोबाईल राहणारच, वर अजून एक मशीन चार्ज करायला आणि खोलीत सांभाळायला. मोबाईल कमी करायचा असेल तर त्याला बसून विचारा की तुझा वेळ कशात जातो, लेक्चरमध्ये की रीलमध्ये, आणि रात्री दहानंतर फोन खोलीतल्या दुसऱ्या पोराकडं किंवा मेसवाल्या मावशीकडं ठेवायचं जमेल का. याला पैसा लागत नाही, विश्वास लागतो, आणि तो तुमच्यात आहे असं पत्रावरून वाटतं.

डोकं दुखतंय म्हणतो ते मात्र हलक्यात घेऊ नका. किंडल नंतर, आधी डोळ्याच्या डॉक्टरकडं न्या. या वयात नंबर लागणं, असलेला नंबर वाढणं हे खूप पोरांचं होतं आणि पोरं सांगत नाहीत, फळ्यावरचं दिसत नसलं तरी शेजाऱ्याच्या वहीतून उतरवून घेतात. नंबर नसेल तर मोबाईल फार जवळ धरणं, अंधारात बघणं, पापणी न लवता टक लावून बसणं यानंही डोळे कोरडे पडून डोकं चढतं. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद लांब, वीसेक फुटांवर बघायची सवय लावायची. आणि पीडीएफ मोबाईलवर वाचायचीच कशाला? एनसीईआरटीची अकरावीची फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी सगळी छापील पुस्तकं मिळून दोन हजारांच्या आत येतात. क्लासच्या नोट्सची पीडीएफ असेल तर ज्या धड्याची टेस्ट आहे तेवढ्याची झेरॉक्स काढायची. पुस्तकं जड आहेत हे खरंय, पण ती सगळी रोज पाठीवर न्यायची नसतात, आज कुठले तास आहेत तेवढीच न्यावीत, बाकीची खोलीवर.

छापील पुस्तकाचं आणखी एक असं की ते तुमचं असतं. दोन वर्षांनी ते पुढच्या पोराला अर्ध्या किमतीत विकाल, नाहीतर भावाच्या मुलीला द्याल. ई-बुक तसं देता येत नाही, कारण पैसे भरून आपण पुस्तक घेत नाही, वाचायची परवानगी घेतो. 2009 मध्ये अमेरिकेत अ‍ॅमेझॉननं हक्काच्या भानगडीमुळं विकलेली काही पुस्तकं लोकांच्या किंडलमधून परस्पर पुसून टाकली होती, पैसे परत दिले पण पुस्तक गेलं. आणि फेब्रुवारी 2025 पासून तर विकत घेतलेलं किंडल पुस्तक वेबसाइटवरून आपल्या कॉम्प्युटरवर उतरवून केबलनं टाकायची सोयही बंद केली. गोष्टीचं पुस्तक असेल तर हे चालवून घेता येईल, परीक्षेच्या तोंडावर अभ्यासाच्या पुस्तकाचं चालणार नाही.

आता जरा नाजूक बोलते. तुम्ही लिहिलंय तो मराठी मीडियमचा आहे. दहावीपर्यंत 'प्रकाशसंश्लेषण' म्हणणाऱ्या लेकराला जूनमध्ये एकदम 'फोटोसिंथेसिस' आणि अख्खं पान इंग्रजीत. मला राहून राहून वाटतंय की पुस्तक जड होतंय ते वजनानं नाही. मित्राचं किंडल बघितलं, त्यात शब्दावर बोट ठेवलं की अर्थ येतो, हे बघून त्याला ते हवं वाटलं असेल का? त्यानं तसं सांगितलं नसेल, गावात पहिला आलेल्या पोराला 'मला इंग्रजी कळंना झालंय' म्हणणं फार अवघड जातं. दिवाळीला घरी आला की त्याच्याजवळ बसा, बायोलॉजीचं कुठलंही पान काढून द्या आणि म्हणा, मला मराठीत समजावून सांग. चुका काढू नका, नुसतं ऐका. तो कुठं अडतो ते तुम्हाला कळेल, तुम्हाला बायोलॉजी यायची गरज नाही.

तसं निघालं तर उपाय फुकट आहे. बालभारतीच्या वेबसाइटवर नववी-दहावीचं विज्ञानाचं पुस्तक मराठी आणि इंग्रजी दोन्ही मीडियमचं पीडीएफमध्ये ठेवलेलं आहे. धडे तेच, भाषा वेगळी. एक धडा दोन्ही भाषांत शेजारी शेजारी ठेवून वाचायचा, मराठीत कळलेलं वाक्य इंग्रजीत कसं लिहिलंय ते बघायचं, आणि एका लांब वहीत डाव्या हाताला इंग्रजी शब्द, उजवीकडं मराठी. रोज एक-दोन पानं, महिनाभर. त्यानंतर अकरावीचं पान तेवढं परकं वाटत नाही. हे मी दोन-तीन मुलांकडून करून घेतलंय, सुरुवातीला कंटाळतात, पंधरा दिवसांनी वही भरायला लागली की त्यांची त्यांनाच गोडी लागते.

पण ताई, तुमच्या पत्रातली शेवटची ओळ. सगळं पत्र लेकरासाठी लिहिलंत आणि स्वतःबद्दल दीड ओळ, तीसुद्धा जाता जाता. ई-रीडरचा विचार तुमच्या घरात कुणासाठी करायचाच असेल तर तो मला तुमच्यासाठी करावासा वाटतो.

ज्या पडद्यावर आकृत्यांचं पुस्तक बसत नाही त्याच पडद्यावर कादंबरी, कथा, चरित्र इतकं छान बसतं की काय सांगू. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत सरळ जायचं, मागं-पुढं उड्या नाहीत. अक्षर हवं तेवढं मोठं करा, ओळी आपोआप नव्यानं मांडल्या जातात. आमच्या बाबांनी मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या आधीचं अख्खं वर्ष माझ्याच ई-रीडरवर काढलं. एका पानावर जेमतेम आठ ओळी बसतील एवढं अक्षर त्यांनी केलं होतं आणि दर अर्ध्या मिनिटाला अंगठ्यानं पान पुढं ढकलायचे. त्याच्या आधी ते पेपरसुद्धा माझ्याकडून वाचून घ्यायचे आणि मधेच 'राहू दे' म्हणायचे. ऑपरेशन होईपर्यंत त्यांनी अकरा पुस्तकं संपवली, वहीत तारखेसकट नोंद करून. लाईट गेली तरी वाचता येतं, वजन पावकिलोच्या आत, आडवं पडून एका हातात धरता येतं. आणि गोष्ट वाचायला कागद की ई-रीडर यानं फारसं बिघडत नाही असं नॉर्वेतल्या अ‍ॅन मॅन्गेन आणि त्यांच्या सोबतच्या संशोधकांच्या अभ्यासातही दिसलंय. 50 जणांना 28 पानांची एकच गोष्ट, निम्म्यांना पुस्तकात, निम्म्यांना किंडलवर. समजण्यात बहुतेक ठिकाणी फरक नव्हता, फक्त कुठली घटना आधी आणि कुठली नंतर हे पुस्तकवाल्यांना जास्त चांगलं सांगता आलं.

तरी लगेच घेऊ नका. पहिलं, तुम्हीही डोळे दाखवून घ्या, चष्म्याचा नंबर जुना झाला असेल तर नुसत्या नव्या काचांनी काम होईल आणि हा प्रश्नच मिटेल. दुसरं, तुमच्या मोबाईलवर किंडलचं ॲप फुकट मिळतं, त्यात मराठी पुस्तकाचा नमुना फुकट उतरवा, अक्षर मोठं करा आणि आठ दिवस रोज अर्धा तास वाचून बघा. मोबाईलचा लाईट डोळ्याला लागेल, पण मोठ्या अक्षरात वाचनाची लय परत येते का हे कळेल. तिसरं, तुम्हाला वाचायचीत अशी पाच मराठी पुस्तकं कागदावर लिहा आणि ती ई-बुकमध्ये आहेत का ते बघा. किंडलवर मराठी पुस्तकं 2016 च्या डिसेंबरपासून आहेत, तरी आपली खूप चांगली पुस्तकं अजून फक्त कागदावरच मिळतात. पाचातली तीन सापडली नाहीत तर पैसे गुंतवू नका.

नमुना बघितल्याशिवाय मराठी ई-बुक विकत घेऊ नका, हे सगळ्यांनाच सांगते. मी एकदा एक कथासंग्रह घेतला, आत जोडाक्षरं फुटलेली, रफार भलत्याच अक्षरावर बसलेला, 'सूर्य' वाचायला ठेच लागायची. जुन्या फॉन्टमधला मजकूर नीट न बदलता ई-बुक केलं की असं होतं. तसंच ग्रुपवर फिरणाऱ्या स्कॅन केलेल्या पीडीएफच्या भरवशावर ई-रीडर घेऊ नका. स्कॅन म्हणजे पानाचा फोटो, त्यातलं अक्षर मोठं केलं की फोटोच मोठा होतो, ओळी नव्यानं बसत नाहीत. फाईल ईपब (ई-बुकसाठीच बनवलेला फाईलचा प्रकार) असेल तर अक्षर खरंच मोठं होतं. मराठी विकिस्रोतावरून पुस्तक ईपब करून फुकट उतरवता येतं, तिथं लेखकाला जाऊन साठ वर्षं उलटून गेलेली जुनी पुस्तकं भरपूर आहेत. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या वेबसाइटवर पण फुकट पुस्तकं आहेत, ई साहित्य प्रतिष्ठानवर तर नव्या लेखकांचीही.

एमपीएससी करणाऱ्या पोरापोरींची पण अशीच पत्रं येतात, अभ्यासिकेत बसतात, खोल्या बदलतात, पुस्तकांची पोती उचलून वैतागतात. त्यांनाही सांगते, ज्या पुस्तकावर खुणा करायच्यात, ज्याची पाच वेळा रिव्हिजन करायचीय, ते कागदावरच ठेवा. राज्यसेवेची मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक आहे, हातानं लिहिण्याचा सराव तुम्हाला मशीन देणार नाही. एकदाच वाचून सोडायचं, पार्श्वभूमीचं, चरित्रं वगैरे, ते ई-रीडरवर वाचा, तेवढं ओझं खरंच कमी होतं. आणि सेकंडहॅंड घेणार असाल तर आधीच्या मालकाचं अकाउंट त्यातून काढलंय का आणि पडद्यावर न जाणारी रेघ आहे का, हे दोन्ही दुकानातच बघा.

तर ताई, उधारी आधी फेडा. लेकराची छापील पुस्तकं पूर्ण करा, डोळे दाखवा, दिवाळीत ते एक पान त्याच्याकडून मराठीत ऐका. नापास झाल्यासारखं त्याला वाटू देऊ नका, 'किंडल नाही म्हणाले' एवढंच त्याच्या लक्षात राहायला नको, त्याच्याशी बसून हे सगळं बोला, वाटल्यास ही उत्तराची पानंच त्याला वाचायला द्या. तुमच्यासाठीचा निर्णय पुढच्या राशीपर्यंत थांबला तरी चालेल, तोपर्यंत ॲपवरचं आठ दिवसांचं करून बघा.

आणि ते दोन महिने अर्धं पडलेलं पुस्तक कोणतं, ते तुम्ही लिहिलंच नाही. नाव कळवा. त्याचं ई-बुक आहे का आणि त्यातली अक्षरं धड आहेत का, ते मी आधी बघून तुम्हाला सांगते.